वर समजूत चालू आहे

१

वाचनालय दुपारी बंद असायचं. सकाळची पाळी संपली की शिपाईमामा शेवटच्या वाचकाला गोडीगुलाबीने बाहेर काढायचे, मोठ्या दाराला कुलूप घालायचे आणि मागच्या खोलीत जेवायला यायचे. तिथे जुन्या टेबलावर सगळ्यांचे डबे असायचे. ग्रंथपाल साहेबांचा, देवघेवीच्या काउंटरवर बसणाऱ्या काकांचा, मामांचा, आणि सगळ्यात शेवटी, टेबलाच्या कोपऱ्यावर, धाकटीचा.

धाकटी हे काही तिचं नाव नव्हतं. तिच्या आईने या इमारतीत आयुष्य घालवलं होतं आणि तिला सगळे 'बाई' म्हणायचे. बाईंच्या दोन मुली. मोठी लग्न करून सुटली. धाकटी कॉलेज अर्धवट सोडून घरी बसली होती. बाई गेल्या तेव्हा तिला त्यांच्या जागी घेतलं. साहेब चारचौघांत 'घेतलं' म्हणायचे नाहीत, 'सामावून घेतलं' म्हणायचे. जणू ती पाऊण बादली पाणी होती आणि यांच्या हौदात तेवढी जागा निघाली होती.

डबे उघडण्याआधी मामा रोज दोन गोष्टी करायचे. कोपऱ्यातला उभा पंखा चालू करायचे, अगदी शेवटच्या आकड्यावर. आणि रेडिओ लावायचे, कान किटतील एवढा मोठा.

पहिले काही दिवस धाकटीला यात काही वावगं वाटलं नाही. म्हातारी माणसं, ऐकू कमी येत असेल. मग थंडी पडली. काका मफलर गुंडाळून यायला लागले, तरी पंखा चालूच. मफलर सावरत वाऱ्याच्या झोतात जेवणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

"काका, बंद करू का पंखा? कुडकुडताय."

"राहू दे."

"अहो, पण गारठलाय तुम्ही."

"राहू दे म्हटलं ना! वारं खेळतं राहिलेलं बरं असतं."

पण त्या दिवसापासून तिचं लक्ष जायला लागलं. जेवता जेवता तिघंही मधेच थांबायचे, एकाच वेळी, घास हातात तसाच. कोणी कोणाकडे बघायचं नाही. मग मामा उठायचे आणि रेडिओ आणखी थोडा मोठा करायचे.

२

बाईंची बसायची जागा वर होती, संदर्भाच्या खोलीत. जाडजूड कोश, वर्षावर्षाची बांधून ठेवलेली वर्तमानपत्रं, लोखंडी रॅक, एक लांबलचक टेबल, दोन खुर्च्या. लोकांना वाटायचं बाई तिथे पुस्तकं सांभाळतात. पुस्तकं सांभाळायला अक्कल लागत नाही. बाई चिडलेली माणसं सांभाळायच्या.

वाचनालयात किती माणसं चिडतात हे बाहेर कोणाला कळत नाही. ठरलेल्या खुर्चीवर दुसरा बसला म्हणून चिडतात. पान फाडताना पकडलं म्हणून चिडतात. फोनवर बोलू नका म्हटलं, झोपू नका म्हटलं, घरी जा म्हटलं म्हणून चिडतात. ज्याला घरात कोणी विचारत नाही तो इथे येऊन टेबलावर मूठ आपटतो. अशा वेळी साहेबांना हमखास कुठलासा महत्त्वाचा फोन यायचा, काका शिक्का शोधायला खाली वाकायचे आणि मामा त्या माणसाला जिना दाखवायचे. "वर बाई आहेत. त्यांच्याशी बोला."

आणि बाई बोलायच्या. बसा ना. पाणी घेता? मी ऐकतेय, सांगा. खाली शब्द कळायचे नाहीत, नुसता आवाज यायचा. बारीक सोडलेल्या नळासारखा, खाली-वर न होणारा. तो वाहतोय तोवर समजूत चालू आहे. थांबला की काका मान डोलवून म्हणायचे, "मिटलं."

बाई गेल्या त्या दुपारीही तसंच झालं. एक वाचक बरेच दिवस भांडत होता. जुन्या वर्तमानपत्रांचा एक खंड त्याला घरी न्यायचा होता, आणि ते खंड घरी देत नाहीत. बंद व्हायच्या वेळेला तो काउंटरवर ओरडायला लागला. साहेबांनी त्याला वर पाठवला आणि जिन्याखालून हाक दिली, "बाई, एवढं मिटवा आणि या जेवायला!" मग तिघांनी डबे उघडले. वर आवाज वाहत होता. मग तो थांबला.

"मिटलं," काका म्हणाले.

थोड्या वेळाने तो माणूस जिना उतरून आला आणि मामांना म्हणाला, दार उघडता का. मामांनी उघडलं. तो निघून गेला. तिघांनी जेवण संपवलं, हात धुतले, खुर्च्या मागे टाकून जरा डोळे मिटले. बाई वरच काम करत बसल्या असतील, असं त्यांनी नंतर सांगितलं. संध्याकाळची पाळी उघडायची वेळ झाली तेव्हा मामा वर गेले. बाई रॅकच्या कोपऱ्याशी पडल्या होत्या, कानामागे खोक पडलेली. लगेच आणलं असतं तर, एवढंच बोलून डॉक्टर थांबले.

त्या माणसाला त्याच संध्याकाळी पकडलं. तो घरातच बसून होता. पुढचं काय ते कोर्ट बघेल. धाकटीला त्याच्यात रस नव्हता. तो वेडा होता. हे तिघं शहाणे होते.

३

माणूस गेला की मुख्य ऑफिसला जाग येते. त्यांनी एक प्रशिक्षक पाठवला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आवाज मऊ. रागावलेल्या वाचकाला कसं हाताळावं आणि आपण कसं सुरक्षित राहावं, हे तो दिवसभर शिकवणार होता.

हात दिसतील असे ठेवा. मधे टेबल असू द्या. आवाज खाली ठेवा. त्याचं चुकतंय हे त्याला ऐकवू नका. दार तुमच्या बाजूला हवं, त्याच्या नाही. आणि सहकारी एकटा असेल तर अधूनमधून डोकावून या.

काकांनी हात वर केला. "डोकावायचं म्हणजे साधारण किती वेळाने?"

धाकटी मोठ्याने हसली. खोलीत दुसरं कोणीच हसलं नाही.

मग नाटुकलं झालं. काका चिडलेले वाचक, धाकटी कर्मचारी. काकांना चिडताच येईना. "माझं... माझं पुस्तक कुठंय बरं?" असं ते एखाद्या लहान मुलाला विचारावं तसं विचारत होते. धाकटीने टेबलावर हात आपटला. "नीट ओरडा ना! तो नीट ओरडला होता!"

"ताई," प्रशिक्षक म्हणाला, "तुम्ही कर्मचारी आहात. चिडायचं त्यांनी आहे."

"मला नाही जमत ते."

"जमेल, जमेल," साहेब मागून म्हणाले. "आईचं रक्त आहे. अहो, बाईंकडे काय हातोटी होती! पुढच्या आठवड्यात वरची खोली उघडतोय आपण. हीच बसेल तिथे. लोकांना सवय आहे, वर गेलं की शांत होतं सगळं."

प्रशिक्षकाने खोली बघायला मागितली. किल्ली सापडत नाहीये, असं साहेबांनी सांगितलं. बिचाऱ्याने ते खरं मानलं. धाकटीला मात्र ती खोली पाठ होती, लहानपणी शाळा सुटल्यावर ती तिथेच बसून गृहपाठ करायची. आईची खुर्ची पलीकडे, खिडकीशी, पाठीला रॅक. येणाऱ्याची खुर्ची दाराकडे. म्हणजे आई आणि दार यांच्या मधोमध रोज एक चिडलेला माणूस बसलेला असायचा. टेबल फिरवून द्या, असं आईने एकदा म्हटलं होतं. टेबल जड आहे, कोण हलवणार, असं उत्तर मिळालं होतं.

४

दुसऱ्या दिवशी जेवताना वीज गेली.

पंखा हळूहळू फिरत थांबला. रेडिओवरचा माणूस वाक्य अर्धवट टाकून गेला. मागच्या खोलीत एवढी शांतता धाकटीने कधी ऐकलीच नव्हती. तिला स्वतःचं चावणं ऐकू आलं.

आणि वर, छताच्या पलीकडे, बारीक सोडलेला नळ वाहत होता.

शब्द कळत नव्हते. मधे थांबत होता, कोणी तरी काही बोलतंय आणि ते ऐकून घ्यायचंय अशा बेताने. मग पुन्हा वाहत होता. खाली-वर न होता.

काकांनी डब्यात मान घातली. मामा काही तरी गुणगुणायला लागले. साहेब उगाच खाकरले आणि म्हणाले, "यंदा थंडी जरा लवकरच, नाही का?"

"वर कोण आहे?" धाकटीने विचारलं.

"कोण असणार? कुलूप आहे."

"आवाज येतोय."

"पाण्याची टाकी आहे ती. भरते."

"टाकी 'बसा ना' म्हणते?"

तिला तो शब्द खरंच ऐकू आला होता की तिने सुरावरून लावला होता, हे तिला स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं. पण साहेबांचा चेहरा उतरला.

वीज आली. रेडिओ एकदम गाण्याच्या मधूनच किंचाळला. तिघांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि भराभर जेवायला लागले.

५

धाकटी भोळी नव्हती. कॉलेज सोडलं होतं, डोकं नाही. तिने आधी सगळी साधी कारणं तपासून घेतली.

शेजारच्या इमारतीत दवाखाना होता, तिथली नर्स कदाचित पेशंटशी बोलत असेल. ती दुपारी तिथे जाऊन उभी राहिली. दवाखाना बंद होता, पायरीवर एक कुत्रं झोपलं होतं. मागच्या बोळातून टाकीचा पाइप वर जात होता. तिने त्याला कान लावला. पाइप कोरडा आणि मुका. मग वाटलं, आपलंच डोकं चाललंय. आई गेल्यावर लोकांना काय काय ऐकू येतं. पण मग तिघांच्या हातात घास का थांबतो? त्यांची तर आई नव्हती ती.

शेवटी एका दुपारी ती रेडिओच्या गोंगाटातून उठली, हात धुवायला जाते म्हणाली आणि जिन्याच्या अर्ध्यावर जाऊन उभी राहिली. रेडिओ खाली राहिला. इथे शब्द स्वच्छ होते.

"हो, बरोबर आहे तुमचं. मी नाही कुठे म्हणतेय? ... हो. ... आधी बसा तर खरं. ... मी ऐकतेय."

आईचाच आवाज. आजारातला नाही, स्वप्नातला नाही, रोजचा. एकाच बाजूचं बोलणं. दुसऱ्या बाजूने काहीच येत नव्हतं, श्वाससुद्धा नाही. तरी आई त्या रिकाम्या जागांमधे नीट थांबत होती, आणि प्रत्येक वेळी थोडी जास्त थकून परत बोलायला लागत होती.

अजून चाललंय तर. तो माणूस कधीच जिना उतरून गेला आणि ही अजून त्याची समजूत घालतेय. तिला कोणी सांगितलंच नाही. वर जाऊन सांगायचं कोणी? खालची मंडळी जेवतायत.

त्या संध्याकाळी घरी बाबा टीव्हीसमोर बसले होते. पूर्वी ते ताटं भिरकावायचे. आता भिरकावायला समोर कोणी नव्हतं, म्हणून शांत झाले होते आणि शेजारी म्हणत होते, किती सोसलं हो बिचाऱ्यांनी.

"बाबा, आईचा आवाज आठवतो?"

"न आठवायला काय झालं? कधी चढला नाही तो. एवढ्या वर्षांत माझ्यावर एकदा ओरडली नाही तुझी आई."

"ओरडायला जागा कुठे ठेवली होती तुम्ही?"

"काय म्हणालीस?"

"काही नाही. बसा ना. पाणी घेता?"

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी करून तिच्याकडे पाहिलं. पुन्हा तसं बोलू नकोस, असं ते म्हणाले. आईला ही विद्या कुठे मिळाली होती ते धाकटीला ठाऊक होतं. त्यासाठी कुठलाही प्रशिक्षक आला नव्हता.

ती रात्रभर एकच गोष्ट ठरवत पडली. पुढच्या आठवड्यात त्या खुर्चीवर आपल्याला बसवायच्या आत वर जायचं. आईला सांगायचं, तो गेला. तू थांब. पुरे झालं.

६

तिने किल्ली मागितली. जेवतानाच मागितली. पंखा आणि रेडिओ बंद करून.

"लाव परत," काका म्हणाले.

"किल्ली द्या, मग लावते."

"हे बघ बाळ," साहेब सुरू झाले, "तुझं दुःख आम्ही समजू शकतो..."

"तुम्ही काहीच समजू शकत नाही! तुम्हाला रोज ऐकू येतंय. रोज! आणि तुम्ही पंखा लावून जेवता!"

वर आवाज आला. लगेच, तिचं वाक्य संपायचीच वाट बघत असल्यासारखा, आणि या वेळी खालीही शब्द कळले.

*हो. बरोबर आहे तुमचं.*

योगायोग असेल, असं धाकटीने स्वतःला बजावलं. मग मुद्दामच, छताकडे न बघता, काकांच्या तोंडावर ओरडली, "तेव्हाही जेवत होतात ना? काय होतं हो डब्यात एवढं?"

*आवाज नका चढवू. मी ऐकतेय.*

काका रडायला लागले. मफलरचं टोक तोंडात कोंबून, लहान मुलासारखे. धाकटीला त्यांची दया आली नाही. म्हातारा माणूस रडला की सगळ्यांनी विषय बदलायचा असतो, हा नियम तिला माहीत होता आणि तो तिने पाळला नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

मामा बोलले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ते नजर न चुकवता बोलले. "बाई गेल्या तेव्हापासून कधी तरी, पुटपुटल्यासारखं. कळायचंसुद्धा नाही. तू कामाला लागलीस आणि रोजचं झालं. तू रजेवर असलीस की नसतं. तुझं सकाळी कोणाशी वाजलं की त्या दुपारी जास्त असतं." त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "मी वर येणार नाही, पोरी. आधीच सांगतो. माझ्याने होणार नाही."

"तुम्ही कधी आलात?" असं म्हणून तिने किल्ली उचलली.

मामांनी सांगितलेल्याचा अर्थ लावायला ती थांबली नाही. थांबायला हवं होतं.

७

कुलूप सहज उघडलं. दुपारचं ऊन खिडकीतून सरळ आत येत होतं, त्यात धूळ तरंगत होती. रॅक, कोश, लांब टेबल. दाराकडची खुर्ची रिकामी. आणि खिडकीशी, उन्हाकडे पाठ करून, कोणी तरी बसलं होतं.

मागून एवढा उजेड होता की चेहऱ्याच्या जागी काळोखच होता. खांदे दिसत होते. टेबलावर ठेवलेले दोन हात दिसत होते, तळवे वर, काहीही लपवत नसलेले. ते हात धाकटीने कुठेही ओळखले असते.

"आई."

"या," आई म्हणाली. "बसा ना."

धाकटीला जन्मात कधी आईने 'या' म्हटलं नव्हतं. ये गं, मर गं, कुठे उलथली होतीस, हे सगळं म्हटलं होतं.

"आई, मी आहे."

"हो. बसा. पाणी घेता?"

"अगं, तो गेला. केव्हाच गेला तो! इथे कोणी नाहीये. कोणाची समजूत घालतेयस? बास कर आता!"

"मी ऐकतेय. आवाज नका चढवू." आवाज तसाच, बारीक, सपाट. पण खुर्ची फरशीवर किंचित मागे सरकली. "तुमचं काय झालं ते सांगा मला."

"माझं? माझं काय विचारतेस? तुझं काय झालं ते सांग! का बसलीस इथे एकटी? का नाही ओरडलीस? एकदा, एकदा तरी ओरडायचंस गं!"

खुर्ची आणखी मागे गेली. तिच्या मागे रॅक होतं, आणि रॅकचा कोपरा. टेबलावरचे हात मात्र तसेच, तळवे वर. आणि धाकटीच्या लक्षात आलं की आई तिच्याकडे बघतच नाहीये. मान जराशी तिरकी करून ती धाकटीच्या खांद्यावरून मागे बघतेय. दाराकडे. ते किती लांब आहे, ते बघतेय.

धाकटी आई आणि दार यांच्या मधोमध उभी होती. मुठी आवळलेल्या, गळ्याच्या शिरा ताणलेल्या.

तिला मामांचं बोलणं आता कळलं. आई रोज समजूत घालत होती ती तिचीच. पळावंसं वाटलं, पण पळणाऱ्या पावलांचाही आवाज होतो. तिने मुठी उघडल्या. हळूच रिकामी खुर्ची ओढली, बसली आणि आपले हात टेबलावर ठेवले. दिसतील असे.

"माफ करा," ती म्हणाली. तोंडातून आपोआप तेच आलं.

"असू दे हो. होतं असं. सांगा."

खिडकीपलीकडे कुठे तरी एक गाडी वळली. आई थांबली. आईला घाई नव्हतीच कधी.

"माझी आई गेली," धाकटी म्हणाली.

"अरेरे."

"कामावर होती. खाली माणसं होती. कोणी वर आलं नाही."

"फार वाईट झालं हो." ते हात टेबलावर थोडे पुढे आले आणि मधेच थांबले. अनोळखी माणसाला हात लावायचा नसतो. "एकट्याच होत्या का त्या?"

"हो."

"मुलंबाळं?"

"दोन मुली."

"धाकटी लहान असेल."

"नाही," धाकटी म्हणाली. "मोठी आहे. पण डोक्याने जरा तापट. कॉलेज सोडलं तिने."

"असू दे. शिकेल पुढे. राग असतो, त्याला काय करणार. घरात बघितलेलं असतं मुलांनी." मग जरा थांबून, "तुम्ही जेवलात का?"

धाकटीने मान हलवली. हो की नाही, तिचं तिलाच कळलं नाही.

"मग आता काय करू या आपण?" आईने विचारलं. या वाक्यात फार थकवा होता. हे वाक्य तिने किती जणांना विचारलं असेल, आणि कितींनी नीट उत्तर दिलं असेल.

सांगावं का? मी तीच आहे म्हणावं? टेबल ओलांडून जाऊन तो हात धरावा? धाकटीने समोर पाहिलं. ढग आला असावा, ऊन क्षणभर मंद झालं आणि त्या काळोखात एक गाल उजळला, एक कान. कानामागचे केस ओले होते. मान अजूनही दाराकडे वळलेली, आणि डोळ्यांत, जेवढे दिसले तेवढ्या डोळ्यांत, ओळख नव्हती. नुसती भीती होती, शिष्टाचाराने झाकलेली.

"काही नाही," धाकटी म्हणाली. "तुम्ही ऐकून घेतलंत. जाते मी."

"सावकाश जा."

ती उठली. पाठ फिरवली नाही, एकदम हललीही नाही. एकेक पाऊल मागे घेत दारापर्यंत आली, बाहेर पडली आणि दार ओढून घेतलं.

आत एक खुर्ची सरकली. हलकी पावलं दारापर्यंत आली. आतून कडी लागली. मग दाराला टेकून कोणी तरी लांब, खूप लांब श्वास सोडला.

८

ती जिन्यावर बसून राहिली. वरून काहीच येत नव्हतं. खाली रेडिओ बंद होता, पंखा बंद होता, आणि तरी काहीच येत नव्हतं. पहिल्यांदा ही इमारत खरोखर रिकामी वाटत होती. यापुढे तो आवाज येणार नाही, हे तिला आतून कळलं. तिने आईला सोडवलं होतं. आणि शेवटचं बोलणं 'तुम्ही' म्हणून झालं होतं.

मग तिघं वर आले. शांतता सहन झाली नसावी. साहेब पुढे, काका त्यांच्या मागे, आणि येणार नाही म्हटलेले मामा सगळ्यांच्या मागे. साहेबांनी दार ढकललं. पुन्हा ढकललं.

"आतून लावलंय," ते म्हणाले. "कोण आहे आत? काय झालं? अगं, बोल ना काही तरी!"

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्याकडे बोलायला खूप होतं. राग कुठेही गेला नव्हता, उलट पूर्वीपेक्षा जड झाला होता. फक्त तो या दारासमोर काढण्यासारखा नव्हता. पलीकडे कोणी तरी नुकतं कुठे टेकलं होतं.

"इथे नको," ती हळू आवाजात म्हणाली. "चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"जरा लांब."

का कोण जाणे, कोणी वाद घातला नाही. ती जिना उतरली, मोठ्या दारातून बाहेर पडली आणि भर उन्हात चालायला लागली. साहेब चपला घालायला विसरले होते. काकांचा मफलर मागे लोंबत होता. दवाखाना गेला, दुकानं गेली, शाळेची भिंत गेली. तिघं निमूट मागून येत होते, आणि तिने मधे एकदाही मागे पाहिलं नाही.

वरच्या खोलीची खिडकी झाडांआड दिसेनाशी झाली असणार, तरी ती आणखी थोडी चालली. हाक मारली तरी तिथवर पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर ती थांबली.

मग ती वळली.